नांगर म्हणजे औत नव्हे : मननाविषयी वाचकांचे प्रश्न

उपवासकाळ (ईस्टरपूर्वीचे दिवस) जवळ आला की घरच्या प्रार्थनेत, भगिनी मंडळात, चाळीतल्या सभेत मनन, म्हणजे बायबलच्या एखाद्या भागावर चार शब्द, सांगायची पाळी कुणाकुणावर येते. विषय बहुधा ठरलेले असतात : कृपा, नम्रता, सार्वकालिक आशा. या अंकासाठी आलेल्या पत्रांतले आठ प्रश्न इथे घेतले आहेत. लांब पत्रांचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : सप्रेम सलाम. आमच्याकडे दर शुक्रवारी घरोघरी प्रार्थना असते. या वेळी मला ‘कृपा’ हा विषय मिळाला आहे, वेळ दहा मिनिटं. मागच्या खेपेला मी बारा वचनं शोधून नेली होती, पण लोक जांभया देत होते. तयारी कशी करावी? (एक भगिनी, राहुरी)

ताई, घोळ त्या बारा वचनांतच आहे. दहा मिनिटांत बारा वचनं म्हणजे एकेकाच्या वाट्याला पन्नास सेकंद. समोरच्या आजींना इफिसकरांचं पत्र सापडेपर्यंत तुम्ही तीताच्या पत्रात पोचलेल्या असता. एकच शास्त्रभाग घ्या, दहा-पंधरा वचनांचा, आणि शक्यतो ज्यात काहीतरी घडतं असा. ‘कृपा’ हा शब्द त्या भागात नसला तरी चालेल. खरं तर नसलेलाच बरा, कारण शब्द आला की आपण त्याची व्याख्या करत बसतो.

सोमवारी तो भाग तीन वेळा मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचताना ओळखीची वाक्यं डोळ्यांखालून निसटतात, जिभेवरून निसटत नाहीत. मंगळवारी दुसऱ्या भाषांतरातून वाचा आणि वहीत तीनच गोष्टी टिपा : आकडे, वस्तू, आणि कोण काय करतं. बुधवारी लिहून काढा. संथ बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. दहा मिनिटांतली दोन वाचनाला आणि एक प्रार्थनेला गेलं की उरतात सात, म्हणजे सातशे शब्द. गुरुवारी घड्याळ लावून एकदा म्हणून पाहा. बहुतेकांचं मनन इथे चौदा मिनिटांचं निघतं. कापायचं झालं तर सुरुवातीचं कापा. ‘आज आपण कृपा या विषयावर मनन करणार आहोत’ हे सगळ्यांना ठाऊकच असतं.

उदाहरण म्हणून मत्तय १८:२३-३५ घ्या, माफ न करणाऱ्या दासाचा दाखला. यात दोन कर्जं आहेत : दासानं आपल्या धन्याला द्यायचे दहा हजार तालंत, आणि त्याच्या सोबतीच्या दासानं त्याला द्यायचे शंभर दिनार. तुमच्या प्रतीत या रकमा रुपयांत छापल्या असतील तर दाखल्याचा कणाच दिसणार नाही, म्हणून मूळ आकडे सांगा आणि सगळ्यांसमोर हिशेब मांडा. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालंत म्हणजे ६,००० दिनार. म्हणजे दहा हजार तालंतांचे झाले सहा कोटी दिनार. वर्षाला ३०० दिवस कामाचे धरले तर हे कर्ज फेडायला दोन लाख वर्षं लागतील. आज रोजंदारी ५०० रुपये धरली तर एका बाजूला ३,००० कोटी रुपये आणि दुसऱ्या बाजूला ५०,०००. तिथला शासक हेरोद अंतिपा याला गालील आणि पेरिया हे दोन प्रांत मिळून वर्षाला २०० तालंत महसूल मिळे, असं इतिहासकार योसेफस नोंदवतो. गालीलात बसून ऐकणाऱ्या माणसांपुढे येशूनं त्यांच्या मुलखाचा पन्नास वर्षांचा महसूल एका दासाच्या डोक्यावर ठेवला होता. लोक बहुधा हसले असतील.

इथे दोन ठिकाणी मनन घसरतं. पहिलं म्हणजे शंभर दिनारांना ‘किरकोळ’ म्हणणं. शंभर दिवसांची मजुरी किरकोळ नसते. ज्याच्या घरातले पन्नास हजार नातेवाइकानं बुडवले आहेत तो तुमच्यासमोरच्या सतरंजीवर बसलेला असू शकतो, आणि त्याचं दुःख खरं आहे. दाखला ते कर्ज खोटं म्हणत नाही, ते कशाशेजारी ठेवून पाहायचं एवढंच सांगतो. दुसरं, सव्वीसावं वचन घाईत वाचलं जातं. तो दास माफी मागतच नाही. तो मुदत मागतो : थांबा, सगळं फेडीन. दोन लाख वर्षांचं कर्ज! आणि धनी मुदत देत नाही, कर्जच सोडून देतो. दास मात्र बाहेर पडतो तो अजून फेडायच्याच हिशेबात, आणि म्हणून पहिला भेटलेला कर्जदार त्याला गळ्याला धरावासा वाटतो. ज्याला आपल्याला काय मिळालं हे कळलेलंच नाही, तो वसुलीला निघतो. तुमची सात मिनिटं इथे खर्च करा. शेवटी सल्ला देऊ नका, एक प्रश्न ठेवा आणि अर्धा मिनिट गप्प राहा. गप्प राहणं जड जातं, पण लगेच गाणं सुरू केलंत तर प्रश्न पुसला जातो.

प्रश्न : तारण कृपेनं आणि फुकट, तर मग नीट वागायचं कशाला? आमच्या तरुण संघात यावर वाद झाला आणि पाळकसाहेबांनी ‘असा प्रश्न विचारू नये’ म्हणून विषय बंद केला. (तरुण संघाचा सभासद, पुणे)

विचारू नये कसा? हा प्रश्न प्रेषित पौलानं स्वतःच रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (६:१) घातला आहे. कृपेविषयीचं बोलणं ऐकून हा प्रश्न कुणाच्याच मनात आला नाही, तर बोलणाऱ्यानं कृपेत थोडं पाणी घातलं असावं.

दोन गोष्टी पाहा. इफिसकरांस २:८-९ (तारण कृपेनं, कर्मांनी नव्हे) आपल्याला पाठ असतं, पण दहावं वचन नसतं. सत्कृत्यं त्या दहाव्यात आहेत, आणि ती मोबदला म्हणून नव्हे, आधी मिळालेल्याच्या मागून येतात. तीताला २:११-१२ मध्ये तर कृपाच शिकवते असं म्हटलं आहे, आणि तिथला मूळ ग्रीक शब्द मुलाला वळण लावण्यासाठी वापरला जाई.

क्रम जक्कय या श्रीमंत जकातदाराच्या गोष्टीत (लूक १९) सर्वांत स्वच्छ दिसतो. येशू त्याला झाडावरून खाली बोलावतो आणि आज तुझ्याकडे उतरायचं आहे म्हणतो. तोवर जक्कयानं एक पैसाही परत केलेला नाही. त्यानंतर तो उभा राहतो आणि अर्धी मालमत्ता गरिबांना, व फसवून घेतलेलं चौपट परत देऊ करतो. फसवून घेतलेलं स्वतःहून कबूल केलं तर मूळ रक्कम अधिक एक पंचमांश, असा जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला नियम होता. म्हणजे शंभरावर एकशेवीस दिले असते तरी नियम पुरा झाला असता. जक्कय चारशे देतो. नियम एकशेवीसवर थांबतो. पुढचे दोनशेऐंशी कुठून आले, हे तरुण संघाला विचारा, आणि या वेळी विषय बंद करू नका.

प्रश्न : मननाला ओवी-अभंग जोडावेत का? काहींना ते ‘आपलं’ वाटत नाही. (एक वाचक, मिरज)

आपलं नाही तर कुणाचं? इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, ते ओवीतच. कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग सोडून विलायती चालींकडे गेले नाहीत. उलट अभंगाला चर्चमध्ये हक्काची जागा मिळाली ती त्यांच्यामुळे.

स्वतः रचून पाहायचं असेल तर मोठ्या अभंगाचा साचा सोपा आहे : चार चरण, अक्षरं सहा-सहा-सहा-चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. वरच्या दाखल्यावरून :

फेडता फिटेना । ऐसे माझे ऋण ।
केले माफ पूर्ण । कृपावंते ॥

जोडाक्षर एकच धरायचं आणि बोटांवर मोजायचं. यात फसतं ते यमकासाठी अर्थ वाकवल्यानं. ‘येशू’ला यमक सापडेना म्हणून भलतंच काही घुसवण्यापेक्षा तो शब्द पहिल्या चरणात ठेवा, तिथे यमकाची गरज नसते. एका मननाला एक अभंग पुरे.

प्रश्न : आमच्या मंडळीत साक्ष देताना ‘मी नालायक, मी कवडीमोलाचा, मी किडा’ असं म्हणण्याची जणू स्पर्धा लागते. माझा मुलगा म्हणतो, ही नम्रता नाही. माझ्या सासूबाई म्हणतात, हीच नम्रता. कोण बरोबर? (एक वाचक, जालना)

मुलगा बरोबर आहे, पण सासूबाईंना ते जपून सांगा.

योहान १३ मध्ये येशू शिष्यांचे पाय धुतो. चौथ्या वचनात तो उठतो, बाहेरची वस्त्रं काढून ठेवतो, रुमाल कमरेला बांधतो, आणि पाचव्यात गंगाळात पाणी ओततो. हे आपल्याला चांगलं आठवतं. त्याच्या आधीचं तिसरं वचन मात्र सुटून जातं. पित्यानं सगळं आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो, हे ओळखून तो उठला, असं तिथे आहे. म्हणजे आपण कोण हे पक्कं ठाऊक असलेला माणूस खाली वाकला. स्वतःला किडा समजणाऱ्यानं पाय धुतले तर ती लाचारी झाली असती. ‘मी कवडीमोलाचा’ म्हणणारा माणूस बोलतो मात्र स्वतःविषयीच, आणि कुणी ‘खरंच, तुमच्यात काही दम नाही’ म्हटलं तर रागावतो. करून पाहू नका, पण विचार करून पाहा.

लूक १८ मधल्या परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार (लोकांच्या नजरेत पापी) यांच्या दाखल्यावरूनही असाच घोटाळा होतो. परूशी आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो. यात खोटं काही नाही, वाईटही काही नाही. बिघडतं ते ‘या जकातदारासारखा मी नाही’ या तुलनेत. आता गंमत अशी, की दाखला ऐकून आपण घरी जाताना मनात म्हणतो, ‘बरं झालं, मी त्या परूश्यासारखा नाही.’ झालं, दाखला उलटून आपल्यावरच आला. यावर मनन सांगणाऱ्यानं परूश्याला फार झोडपू नये. ऐकणाऱ्यांना तो खलनायक वाटला की ते सुटले.

आणखी एक गोष्ट, आणि जालना-अहिल्यानगर भागातल्या मंडळ्यांत ती बोललीच पाहिजे. ज्यांच्या आजा-पणजांना गावानं गावकुसाबाहेर ठेवलं आणि मान खाली घालून चालायला लावलं, त्यांना ‘नम्र व्हा’ एवढंच सांगणं हे त्याच गावचं बोलणं वाटू शकतं. ग्रीक भाषेत नम्रतेचा शब्द ज्या ‘तापेइनोस’वरून आला तो तेव्हाच्या समाजात शिवीच्या जवळचा होता : हलका, खालचा. येशूची आई मरीया हिच्या गीतात (लूक १) हाच शब्द दोन रूपांत येतो. ४८व्या वचनात ती स्वतःची हीन अवस्था सांगते आणि ५२व्यात देव दीनांना उंच करतो म्हणते. त्याच ओळीत अधिपती सिंहासनांवरून खाली येतात. म्हणून नम्रतेचं मनन वरून खाली सांगू नका. फिलिप्पैकरांस २ मध्ये खाली येतो तो देवाच्या रूपाचा असलेला ख्रिस्त. मंडळीत आधी वाकायचं ते पंच, वडील, खजिनदार यांनी, आणि माइक हातात असणाऱ्यानं.

रोजच्या वागण्यातली खूण हवी असेल तर उपासनेनंतरच्या चहाकडे पाहा. कपबशा विसळायला दर रविवारी त्याच तीन बाया असतात का? मग पुढच्या महिन्याची यादी करा, वडीलजनांची नावं पहिल्या दोन रविवारी घाला, आणि त्याचा फोटो मंडळीच्या गटावर टाकू नका.

प्रश्न : पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी आम्ही पहिल्यांदाच करणार आहोत. व्यवस्था काय लागते? (मंडळीचे सेक्रेटरी, श्रीरामपूर)

बारा जणांसाठी : पाठ टेकता येईल अशा बारा खुर्च्या, दोन घमेली किंवा परात, एक तांब्या, दहा लिटर कोमट पाणी, बारा स्वच्छ पंचे, वापरलेल्या पाण्यासाठी झाकणाची बादली, आणि खाली जाड जाजम. गुळगुळीत फरशीवर ओल्या पायानं वयस्क माणूस घसरतो. मधुमेह असलेल्यांना पायाला चटका कळत नाही, म्हणून पाणी आधी कोपरानं तपासा. पाण्याची परात तिसऱ्या-चौथ्या माणसानंतर बदला. माणशी दीड मिनिट धरलं तर वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ पुरेल असं संथ गीत ठरवून ठेवा, नाहीतर मधेच सूचना सुरू होतात. कॅथलिक उपासनेत जानेवारी २०१६ च्या रोमच्या आदेशापासून स्त्रियांचेही पाय धुता येतात.

बारा जण निवडताना देणगीदारांची यादी काढू नका. सफाई करणारा, नवा आलेला, भांडून दोन वर्षं मागच्या बाकावर बसणारा, यांना आधी विचारा. काही जण नको म्हणतील. येशू पाय धुवायला आला तेव्हा शिष्य पेत्रानंही म्हटलं होतं. दुसऱ्यानं आपले पाय धरणं सोसवत नाही, ही गोष्ट धुणाऱ्याच्या नम्रतेइतकीच बोलण्यासारखी आहे.

प्रश्न : इब्री लोकांस पत्रात (६:१९) आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे. संडेस्कूलमध्ये मुलांना चित्र काढायला सांगितलं तर सगळ्यांनी बैलजोडी आणि औत काढलं! मलाही नेमकं समजावता आलं नाही. (संडेस्कूल शिक्षिका, संगमनेर)

मुलांचं काही चुकलं नाही. देशावर नांगर म्हटलं की बैल दिसणारच. वसईच्या किंवा अलिबागच्या किनाऱ्यावरच्या मुलानं जहाजाचा नांगर काढला असता. इथे जहाजाचाच आहे. होडी ‘नांगरून ठेवली’ म्हणतात तो.

मुलांना दाखवायचं असेल तर खोल थाळीत चार बोटं ओली वाळू भरा. जाड तारेचा दोन आकड्यांचा गळ वाकवून त्याला दोरा बांधा. आधी दोरा आखूड धरून सरळ वर ओढा, गळ उपटून येईल. मग हातभर दोरा सोडून आडवा ओढा, गळ वाळूत रुतत जाईल. खऱ्या नांगराचंही असंच आहे. तो नुसता वजनानं धरत नाही, आडव्या ओढीनं त्याची नखं तळात शिरतात. म्हणून पाणी दहा मीटर खोल असेल तर पन्नास ते सत्तर मीटर दोर सोडतात. दोर आखूड ठेवला की लाटेबरोबर होडी वर उचलली जाते आणि नांगर सुटतो. वारा वाढला तर दोर आणखी सोडायचा, आवरायचा नाही.

नांगर पडला म्हणून वादळ थांबत नाही, होडी हेलकावे खातच राहते. फक्त खडकावर जात नाही. प्रेषितांची कृत्ये २७ मध्ये पौलाच्या जहाजावरचे खलाशी पाण्याचा ठाव घेतात : आधी वीस वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट), थोड्या वेळानं पंधरा. किनारा जवळ येतोय आणि रात्र आहे. ते मागच्या बाजूनं चार नांगर टाकतात आणि उजाडण्याची वाट पाहतात. मोठ्या मुलांना हा अध्याय वाचून दाखवा, त्यात वादळ आहे, ती गप्प बसतील.

इब्री पत्रातला नांगर मात्र एका बाबतीत वेगळा आहे, आणि शिक्षकांकडून नेमकं हेच राहून जातं. तो खाली समुद्रात जात नाही, पडद्याच्या आत जातो, म्हणजे मंदिराच्या परमपवित्र स्थानात, जिथे प्रमुख याजक वर्षातून एकाच दिवशी जाई. तिथे येशू आपल्या आधी गेला आहे. नांगर कुठे रुतला हे होडीतल्या माणसाला दिसत नाही, दोर ताठ आहे एवढंच हाताला कळतं. रोमच्या भुयारी कबरस्तानांत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी कबरींवर नांगर कोरले आहेत. त्यांची चित्रं मिळाली तर मुलांना दाखवा. औत काढलेली चित्रंही भिंतीवर राहू द्या.

प्रश्न : रोज सकाळी व्हॉट्सॲपवर यिर्मया २९:११ (तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा देणारे आहेत, असं देव म्हणतो ते वचन) येतं, मागे सूर्योदय आणि गुलाब. हे वचन असं वापरणं चूक आहे का? (एक वाचक, नागपूर)

पाठवायला हरकत नाही, पण सोबत दहावं वचनही पाठवा. त्यात सत्तर वर्षं आहेत. हे वचन म्हणजे यरुशलेमेहून बाबेलात धरून नेलेल्यांना लिहिलेल्या पत्राचा भाग आहे. आदल्याच अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्यानं दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं जाहीर केलं होतं, आणि लोकांना अर्थातच तो आवडला असणार. यिर्मया म्हणतो सत्तर. पत्र ऐकणाऱ्या चाळिशीतल्या माणसानं हिशेब केला असेल : मी परत जाणार नाही, माझा नातू कदाचित जाईल. अशा माणसाला सांगितलं आहे की घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलं त्याचं कुशल मागा. या आशेत नोकरीचा निकाल येत्या सोमवारी लागण्याची हमी नाही. असं वचन तोडून वापरलं की निकाल उलटा लागलेल्या माणसाला देवच खोटा वाटू लागतो.

प्रश्न : ओळखीच्या घरी अचानक मयत झाली. प्रार्थना करायला मला सांगितलं. मी म्हणालो, ‘रडू नका, ते प्रभूजवळ सुखात आहेत.’ मुलगी उठून आत गेली. माझं काय चुकलं? शास्त्रात तर असंच आहे ना? (एक वाचक, सोलापूर)

शास्त्रात अर्धं असं आहे. १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ मध्ये शोक करू नका एवढंच नाही, आशा नसलेल्या इतरांसारखा करू नका, असं आहे. शोकाला मनाई नाही. आशा ठेवून रडता येतं. योहान ११ मध्ये येशू मेलेल्या लाजराला चार-पाच मिनिटांत उठवणार आहे हे त्याला ठाऊक आहे, तरी तो रडतो. आणि १ करिंथकरांस १५:२६ मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतं. त्याला ‘देवाचं बोलावणं’ म्हणून गोंजारायची सक्ती ख्रिस्ती माणसावर नाही.

त्याच योहान ११ मध्ये एक बारकावा आहे. लाजराच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघी येशूला अक्षरशः एकच वाक्य बोलतात (२१ आणि ३२) : प्रभू, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मार्थेशी तो बोलतो, पुनरुत्थानाविषयी सांगतो. मरीयेपुढे तो एक शब्दही शिकवणुकीचा काढत नाही, लाजराला कुठे ठेवलंय एवढं विचारतो आणि रडतो. वाक्य तेच, माणसं दोन, उत्तरं दोन. मयताच्या घरी गेल्यावर समोर मार्था आहे की मरीया हे आधी पाहावं. बहुधा एकाच घरात दोघी असतात. ती आत गेलेली मुलगी मरीया असावी.

आता व्यवहाराचं. पहिल्या दिवशी प्रवचन नको. मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री न बोलता जमिनीवर बसले (२:१३), तोवर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. प्रार्थना सांगितलीच तर एक उतारा वाचा : स्तोत्र २३, किंवा योहान ११:१७-२७, किंवा रोमकरांस ८:१८-२५. त्यावर भाष्य करू नका. प्रार्थना दोन मिनिटांची, आणि तिच्यात गेलेल्याचं नाव घ्या. आश्चर्य वाटेल, पण घाबरलेला माणूस पाच मिनिटं प्रार्थना करतो आणि नाव विसरतो. ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात’ हे वाक्य तर लहान मूल ऐकत असताना कधीही नको. ते देवाला घाबरू लागतं.

पुनरुत्थानाविषयी सांगायची जागा दफनाच्या वेळी कबरीशी आहे, आणि तिथे मोघम बोलू नये. ख्रिस्ती आशा नुसता आत्मा वर गेला एवढ्यावर थांबत नाही. १ करिंथकरांस १५:३७ मध्ये पौल पेरलेल्या दाण्याची उपमा देतो. दाणा आणि त्यातून उगवलेलं ताट एक दिसत नाहीत, पण ताट दुसऱ्या कुठल्या दाण्याचं नसतं. ज्या शेतकरी माणसानं हयातभर ज्वारी पेरली त्याच्या कबरीशी याहून जास्त समजावावं लागत नाही. प्रकटीकरण २१ वाचलं तर लक्षात आणून द्या की तिथे माणसं वर जात नाहीत, नगरी खाली उतरते, आणि डोळ्यांचं पाणी देव स्वतः पुसतो. पुसायला पाणी असतं, म्हणजे तोवर रडलेलं असतं.

मग महिन्यानं जा. पहिले आठ दिवस घर भरलेलं असतं, तिसऱ्या आठवड्यात कुणी फिरकत नाही, आणि खरा रिकामेपणा तेव्हा येतो. पेन्शनचे कागद, बँकेचं खातं, मृत्यूचा दाखला यासाठी सोबत चला. गेलेल्याच्या वाढदिवसाची तारीख वहीत लिहून ठेवा, त्या दिवशी फोन करा. जेवणाचा डबा नेलात तर तो लगेच रिकामा करून मागू नका. पुढच्या आठवड्यात तो न्यायला म्हणून पुन्हा जाता येतं.